श्रावणात फुटलेली होडी

श्रावणात आमच्या चुलतीच्या घरात माशाचं नाव काढायचीही सोय नाही. चुलते एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. भाटघरचं धरण भरलं की त्यांना नेमका मासा आठवतो. गेल्या वर्षी मी पुण्याहून सुटीला गेलो, तर त्यांनी मला गोठ्यामागं नेऊन कानात सांगितलं, "उद्या आपुन आंबवड्याला देवदर्शनाला चाललोय. समजलं?"

समजलं. सकाळी चुलतीनं देवापुढं फोडायला नारळ दिला. आम्ही तो पिशवीत टाकून थेट धरण गाठलं आणि ओळखीच्या एकाची पत्र्याची होडी मागून घेतली.

जाळ्यात रोहू चांगले लागले. तरी काकांचं समाधान होईना. "त्या बेटाच्या कडंला मरळ असतीय," म्हणाले. बेट म्हणजे उन्हाळ्यात गुरं चरतात ती टेकडी. धरण भरलं की तिचा नुसता माथा वर राहतो.

"काका, जपून. पाण्याखाली खडक असतील."

"आरं, वरंधा घाटात गाडी चालवलीया म्या!"

तेवढ्यात खालून कर्रकन आवाज आला. पत्रा टराटरा फाटला, होडी दोन खडकांत वाकडी होऊन अडकली आणि आम्ही मासे डोक्यावर धरून बेटावर चढलो.

पलीकडच्या काठावर एक बाई शेरडं चारत होती. काकांनी टॉवेल हलवला. तिनंही हात हलवला आणि शेरडं घेऊन निघून गेली.

शेवटी काकांनी आपल्या मेव्हण्याला, म्हणजे चुलतीच्या भावाला, फोन लावला. दुसरी होडी त्याच्याकडंच होती.

"आरं, बेटावर अडकलोय. बहिणीला सांगू नगं."

"तिच्याच घरी च्या पितोय. फोन देऊ का?"

काकांनी फोन बंद केला आणि पुरावा नको म्हणून सगळे रोहू पाण्यात सोडले. मग भूक लागली. नारळ खडकावर आपटून खाल्ला.

होडी आली तेव्हा पदर खोचून पुढं चुलतीच बसलेली.

"झालं का दर्शन?"

"व्हय."

"परसाद?"

काकांनी खिशातून खोबऱ्याचा उरलेला तुकडा काढून दिला. तिनं तो कपाळाला लावला, चावून चावून खाल्ला आणि मग अशी हसली की होडी डुलायला लागली.

आम्हाला वाटलं, आता घरी जाऊन बोलणी खायची. पण अर्ध्या वाटेत ती भावाला म्हणाली, "दादा, त्या अंगानं घे की. तिकडचं कधी बघितलंच न्हाई." जन्म धरणाच्या काठी गेला, पण ती होडीत आजच बसली होती.

"मी भिजलोय. घरी चला," काका कुडकुडत म्हणाले.

"बसा गप."

तिनं पाण्यात हात सोडला होता. आम्ही धरणाला लांबलचक वळसा घालून परतलो.

दुसऱ्या दिवशी मेव्हण्यानं फुटकी होडी काठाला ओढून आणली आणि फाटलेला पत्रा जोडायला काका वेल्डरला तिथं घेऊन गेले. दुपारी चुलती जेवणाचा डबा घेऊन काठावर आली आणि डबा खाली ठेवायच्या आधी तिनं वेल्डरलाच विचारलं, "ह्यात तिघं बसतील का?"