रणमामांचे अकरा जण

ये वं पोरी, कागदावर का होईना, जवळ बस. आणि आधी बोलणी खा. मेडशीकडच्या रणमाळावर गेलीस, तिथली सरकारी पाटी वाचलीस आणि माझ्या दारावरून तशीच निघून गेलीस? त्या पाटीचं काय खरं धरायचं! तिच्यापायी रणमामांचं काय झालं, ते मी या डोळ्यांनी पाहिलंय.

मामांचं शेत माळाला लागून होतं, म्हणून सगळं गाव त्यांना रणमामा म्हणायचं. फार पूर्वी त्या माळावर दोन फौजा भिडल्या आणि आमच्या गावचे अकरा गडी त्यात कामी आले, एवढंच आम्हाला ठाऊक. बाकी सगळं मामांना. वाशीमहून, अकोल्याहून दमणीत बसून कोणी बघायला आलं की मामा औत सोडून पुढे व्हायचे आणि हात आडवा धरायचे. "जोडे काढा भाऊ. पायाखाली कोन हाये, तुमाले काय ठाव?" एकदा गोऱ्या साहेबालाही त्यांनी बूट काढायला लावले. साहेब सराटे टोचून ओरडला, तर म्हणाले, "त्याईले तर भाले टोचले, साहेब."

माळावर दगड नाही, खूण नाही. मामा चालता चालता थांबायचे आणि नाव घ्यायचे. "हा सटवाजी. पेरनी अर्धी टाकून आल्ता, इथं राह्यला. हा गोंदाजी. मायनं भाकर बांधून देल्ली होती, ते तशीच राह्यली अन् हाही राह्यला." त्या अकरांना 'मेले' असं आमच्या गावात कोणी म्हणत नसे. मेला म्हटलं की तो तिथून उठून जातो, मग माळाला वाली उरत नाही, अशी समजूत. म्हणून राह्यला म्हणायचं.

मग सरकारच्या मनात आलं, पाटी लावावी. परमुलखातला एक कारकून आला. मामांनी त्याला भर उन्हात सगळा माळ फिरवला आणि शेवटी हात जोडले. "आमच्या गावचे अकरा जन इथं राह्यले. तेवढं लिवा, बापा."

पाटी लागली त्या दिवशी मामा नवं धोतर नेसून आले. वाचायला मला बोलावलं. भावाची पुस्तकं चोरून बघत मी अक्षरं शिकले होते ना. मी ऐटीत वाचलं, "येथे फौजेचा तळ होता. या गावचे अकरा इसम काही दिवस येथे राहिले होते."

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. एक म्हातारा म्हणाला, "म्हंजे पाहुनचारालेच गेल्ते म्हना, मामा, तुमचे अकरा!" मामा हसले नाहीत.

कारकून पुन्हा आला तेव्हा त्यांनी त्याला गाठलं. "साहेब, राह्यले म्हंजे तसं नाही."

"मग कसं? मेले का? तसं तोंडानं सांगा, मी दुरुस्तीला लिहितो."

मामांची जीभ उचलेना. आणि मी, चार अक्षरं आलेली दीडशहाणी, मागून म्हणाले, "म्हनून टाका ना मामा. शब्दच तर हाये."

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग माळाकडे पाठ करून म्हणाले, "मेले. अकराही मेले."

पाटी काही बदलली नाही. वरून मंजुरी आली नाही म्हणे.

त्यानंतर मामांनी कोणाला माळ दाखवला नाही. कोणी आलं तर औत न थांबवता म्हणायचे, "पाटी हाये ना, वाचा. आता तिथं कोनी नाही." लोक जोड्यांसकट हिंडायचे, मामा मान वर करत नसत. मी एकदा नावं लिहून घ्यायला गेले, तर म्हणाले, "कायले वं? तुले तं वाचता येते." पुढे दोन वर्षांत ते गेले. त्यांच्यासाठी कोणता शब्द वापरावा, हे मला अजून कळलेलं नाही.

त्यांच्या मागे हिंडताना कानावर पडलेली पाच नावं मला येत होती. परवा म्हणून पाहिली, तर चारच निघाली. पाचवं दोन दिवस झाले आठवून पाहतेय, येत नाही. तेव्हा पोरी, रागावू नकोस, पण लवकर ये. आणि येताना वही आण.