रविवारची खांदेमळणी

खोंड उसळला नाही, ही चूक माझी. निदान त्या दुपारपर्यंत मी तसंच धरून चालले होते.

माझे सासरे जपानात, चिबाच्या डोंगरात राहतात. गाई विकल्यावर त्यांनी एकच नाद ठेवला, पाठीवर काही ठेवलं की उसळून फेकून देणारा खोंड तयार करायचा. परदेशातल्या हौशी मंडळींची अशा खोंडांची स्पर्धा असते. पाठीवर छोटी पेटी बांधायची, फाटक उघडायचं आणि तो कसा उसळतो याचा व्हिडिओ पाठवायचा. व्हिडिओत मधे कुठे काटछाट चालत नाही. त्या रविवारी पाठवायची शेवटची मुदत होती. खोंड चांगला उसळला तर होक्काइदोतला एक शौकीन त्याला पाळायला नेणार होता. नाहीतर सोमवारी व्यापाऱ्याची गाडी येणार होती, आणि ती पुढे कुठे जाते हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

आता माझा प्रताप. मी पुण्यात वाढले. बैल पाहिला तो पाटावर बसवलेला मातीचा. खोंड लहान असताना पोळा आला, तेव्हा आईने व्हिडिओ कॉलवर सांगितलं की आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी करतात, लोणी-हळद लावून खांदे चोळतात, वर्षभर जू ओढून दमलेले असतात बिचारे. या साहेबांनी जू कधी पाहिलंही नव्हतं. तरी मी कठड्यातून हात घालून चोळले. त्याने मान खाली घातली, डोळे मिटले, आणि मी पुरती विरघळले. दर रविवारी आम्ही नवरा-बायको इचिकावाच्या आमच्या घरून सासऱ्यांकडे जायचोच. सासरे शेजारी चहाला गेले की मी गोठ्यात. हळदीची बरणी मी फळीवर चाऱ्यामागे लपवली होती. ती फार भराभर संपायची, पण माझा हातच सढळ, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

त्या रविवारी नवरा फाटकाशी उभा होता आणि मी फोन आडवा धरून कठड्यावर. फाटक उघडलं. खोंड चार पावलं चालून रिंगणाच्या मधोमध थांबला. पेटीचा दाब बरोबर खांद्यांमागे पडला होता, आणि त्याची समजूत झाली की मळणी सुरू झाली. मान खाली, डोळे अर्धे मिटलेले. दुसऱ्यांदाही तेच, तिसऱ्यांदाही तेच. मी कॅमेऱ्यामागून मराठीत विनवत होते, "अरे, उसळ की रे बाबा, जीव जाईल तुझा."

तिसऱ्यांदा सासऱ्यांनी हात हलवून थांबायला सांगितलं आणि पेटी सोडायला ते रिंगणात गेले. मला रडू आवरेना. मी त्यांच्या मागोमाग आत गेले आणि सगळं कबूल केलं. बाबांसाठीची जपानी हाक मारून म्हटलं, "ओतोसान, माझ्या लाडांनी तो बिघडला. तुम्ही मला काय हवं ते बोला."

पेटीची गाठ सुटेना म्हणून त्यांनी पांढरे सुती हातमोजे काढले. पेटी खाली ठेवली, आणि त्यांचे दोन्ही अंगठे आपसूक खोंडाच्या खांद्यांवर गेले, नेमके मी चोळते त्या जागी, तसेच गोल गोल. खोंडाने मान आणखी खाली सोडली. सासऱ्यांची नखं हळदीने पिवळीधमक झाली होती.

"तू फक्त रविवारी येतेस," ते खाली बघत म्हणाले. "बाकीचे सहा दिवस त्याने काय करायचं?"

मग चष्मा जवळ नव्हता म्हणून व्यापाऱ्याचा नंबर त्यांनी मलाच लावायला सांगितला. गाडी पाठवू नका, असं ते तीनदा म्हणाले आणि दर वेळी समोर नसलेल्या माणसाला कमरेत वाकून माफी मागितली. फोनमुळे त्यांचा एक हात अडकला होता. त्या बाजूचा खांदा मी चोळायला घेतला.