आत्याबाईंचा हं

माझ्या सासरचा सगळा मुलूख मी आधी उलटा पाहिला. सासरा कासरा धरून गाडीत पुढं बसला की सुनांनी त्याच्याकडं पाठ करून, मागच्या कडेला, तोंड मागं करून बसायचं, ही आमच्या नेकनूरची रीत. त्यामुळं ओढा आला हे मला ओढा गेल्यावर कळायचं. वड दिसायचा तो लांब जाताना. खड्डा तर आधी माकडहाडाला कळायचा, मग डोळ्यांना.

सासऱ्यानंही मागं वळून बघायचं नाही, कारण मागं सुना बसलेल्या. आणि सुनांनी सासऱ्याशी बोलायचं नाही, कारण तो सासरा. त्यानं बघायचं नाही, आम्ही बोलायचं नाही. ही रीत ज्यानं काढली त्यानं ती गाडीत बसून काढली नसणार.

मी तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची. राज्य निजामाचं. आमच्याकडची सडक म्हणजे तालुकदारसाहेबांचा दौरा निघाला की आदल्या दिवशी मुरूम पडायचा, आणि साहेब गेले की त्यांच्या मागोमाग मुरूमही जायचा. मग आम्ही होतो आणि दगड होते.

घरात मामंजी, आत्याबाई म्हणजे सासूबाई, थोरली जाऊ आणि मी. आमची माणसं, म्हणजे दोघींचे नवरे, शेतातच असायची, त्यांचं या गोष्टीत काही काम नाही. दिवाळीला माझा भाऊ पालीहून मला न्यायला आला होता. मुराळी आला म्हटल्यावर मी गाठोडं बांधून दारात उभी. पण आत्याबाईंनी त्याला भाकरी खाऊ घातली आणि वाटेला लावला. कारण काय, तर पोरीला वळण नाही, मोठ्यानं हसते, गोठ्यातून बोलली तर ओसरीवर ऐकू येतं. हे खरं होतं. माझा आवाज लहानपणापासून असा, की पालीत मी आईला हाक मारली की शेजारच्या तिघी बाया ओ द्यायच्या. पण आवाज मोठा म्हणून माहेर बंद, हा कुठला न्याय? लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. एकदाही आईला पाहिलं नव्हतं.

मी तीन दिवस रडले. तेही मोठ्यानं. चौथ्या दिवशी आत्याबाईंनी मला चुलीपुढं बसवलं.

"कार्तिकात आवळीखाली जेवायला कपिलधारला जायचं हाय. जाऊन घरी यीस्तवर तुजा आवाज मामंजींच्या कानी पडला न्हाई, तर संक्रांतीला धाडीन. पडला, तर संक्रांत बी हितंच."

"आन् शिंकले तर?"

"बघ, आत्ताच तोंड चालू झालं."

जायच्या दिवशी अंधारातच धपाटी, ठेचा, दह्याचं मडकं असं सगळं गाडीत चढलं. कडब्यावर वाकळ टाकली. मामंजी पुढं, त्यांच्या पाठीशी आत्याबाई, आणि त्यांच्या पाठीशी आम्ही दोघी जावा, पाय खाली सोडून. लाल कंधारी बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा. मामंजींना गाडीत बोलायची हौस फार. बैलांवर बोलायचे, पिकावर बोलायचे, सगळ्यात जास्त आमच्या बांधाला बांध लागून असलेल्या शेजाऱ्यावर बोलायचे. बांधावरच्या लिंबाची फांदी कुणाची, या वादात दोघांचं सात-आठ वर्षं बोलणं बंद होतं. मामंजी त्याचं नाव घ्यायचे नाहीत. 'त्यो' म्हणायचे.

आत्याबाईंच्या गालात मिसरी असायची. प्रवासात तर घरातून निघताना भरायच्या ती मुक्कामाला थुंकायच्या. त्यामुळं मामंजी काहीही बोलले तरी त्यांचं उत्तर एकच: नाकातून काढलेला, जरा वर चढून मग खाली बसणारा "हं". पाऊस बरा झाला, हं. त्यो लबाड हाय, हं. बैल थकला का, हं. मामंजींना तेवढं पुरायचं. संसार असाच चालत आला होता.

घाट चढून गाडी सपाटीला लागली तेव्हा उजाडत होतं. आत्याबाईंनी माझ्या खांद्यावर हात दिला, तांब्या उचलला आणि चालत्या गाडीतून आमच्या मधून हळूच खाली उतरल्या. यात नवल काही नव्हतं. बाईनं गाडी थांबवून सगळ्यांना कळवून झुडपाआड जायचं, हे शोभत नसे. मुकाट्यानं उतरायचं, काम उरकायचं, झपझप चालत येऊन गाडी गाठायची. बैलगाडी काय पळून जात नाही.

त्या दिवशी पळून गेली.

झालं असं, की आत्याबाई बोरीच्या झुडपाआड गेल्या आणि मागच्या वळणावर दुसरी गाडी दिसली. त्याच्या, म्हणजे त्या शेजाऱ्याच्या बैलांचे घुंगरू मामंजींनी कानानं ओळखले. तोही बायकोला आणि म्हाताऱ्या आईला घेऊन आवळीलाच निघाला होता.

"त्यो हाय," मामंजी म्हणाले. "आपल्या फुडं जायचं बघतोय. बघतोच कसा जातो." आणि त्यांनी बैलांच्या शेपट्या पिळल्या.

मी मागं बघतच बसले होते, दुसरीकडं बघायची सोयच नव्हती. आत्याबाई झुडपाबाहेर आल्या. तांब्या हातात. गाडी नाही. आधी त्या झपझप चालल्या, मग लुगडं वर धरून धावल्या, मग थांबून हात हलवू लागल्या. त्यांना ओरडता येईना, कारण गालात मिसरी. पुढं गाडी, मागं आत्याबाई, आणि दर खड्ड्याला त्या थोड्या थोड्या बारीक होत होत्या.

"जाऊबाई," मी कानाशी कुजबुजले, "सांगा की मामंजींना."

"मी? मी कशी बोलू? आजपतुर बोलले न्हाई."

"मग मी बोलू?"

"तू बोल. तुजं म्हायेर जाईल, माजं काय जातं?" जाऊबाईंचा स्वभाव वाईट नव्हता, फक्त खरं बोलायच्या.

आता सांगा. सासू माळावर टाकून चाललोय. तोंड उघडलं तर आई दिसायची नाही, नाही उघडलं तर सासू दिसायची नाही. मी कबूल करते, त्या घडीला दुसऱ्या गोष्टीचं मला जेवढं वाईट वाटायला हवं होतं तेवढं वाटलं नाही. पण माळावर लांडगे असायचे आणि बाई एकटी होती. मी खोकून पाहिलं, घुंगरांच्या आवाजात खोकला कुठं ऐकू यायचा. बांगड्या आपटल्या, एक फुटली. तोंड उघडून मी "माम" एवढं म्हणणार, तेवढ्यात दिसलं की मागची गाडी आत्याबाईंजवळ थांबली. शेजारणीनं हात दिला, शेजाऱ्याच्या आईनं ओढलं, आणि आमच्या आत्याबाई तांब्यासकट वैऱ्याच्या गाडीत चढल्या.

मी तोंड मिटलं.

मग ती गाडी आमच्यामागं सुटली. शेजारी उभा राहून कासरा झटकत ओरडत होता, "ओ, थांबा. थांबा ओ." आमची बाई परत करायची म्हणून तो जीव तोडून बैल पळवत होता. मामंजींना वाटलं, त्याला ईर्षा चढली.

"ऐकलं का, थांबा म्हंतोय. हरायला लागला की थांबा म्हंतोय," असं म्हणून त्यांनी आणखी शेपटी पिळली. तो जितका ओरडे तितके हे पळवत. मडक्यातलं दही माझ्या पाठीवर आलं. आमच्या गाडीत एक बाई कमी आणि त्यांच्यात एक जास्त. आत्याबाई अंगानं भरलेल्या होत्या. अंतर वाढत गेलं, वळणामागं त्यांचे घुंगरू बंद झाले, तशी मामंजींनी गाडी सावकाश केली. जिंकलेल्या माणसाला बोलावंसं वाटतंच.

"बघितलंस कसा मागं टाकला?" ते पाठीमागच्या रिकाम्या वाकळीला म्हणाले.

वाकळ गप्प. जाऊबाई माझ्याकडं बघायला लागल्या.

"आं? बघितलंस का न्हाई?"

आणि माझ्या नाकातून, देवाशपथ मी ठरवलं नव्हतं, वर चढून खाली बसणारा एक आवाज गेला. "हं."

मामंजी खूश. जाऊबाईंनी पदर तोंडात कोंबला. मग ज्वारीवर बोलणं झालं, हं. डाव्या बैलाच्या खुरावर झालं, हं. घरी मामंजींचा बोल फक्त हुकमासारखा कानावर यायचा. असं घरगुती बोलणं मी पहिल्यांदा ऐकत होते, तेही सासू होऊन. मग ते जरा थांबले आणि आवाज खाली आणून म्हणाले,

"ती धाकटी. वाळून चाललीय पोर. दिवाळीला तिचा भाऊ आल्ता, तवा का म्हनून परत लावलास? मला बोलायचं न्हवतं, पर बरं न्हाई दिसलं ते. संक्रांतीला धाडूत तिला. काय?"

माझ्या डोळ्यात पाणी आलं आणि नाक भरलं, त्यामुळं त्या वेळचा हं तर हुबेहूब आत्याबाईंचा निघाला.

"झालं मग," मामंजी म्हणाले.

कपिलधारला धबधब्याजवळ पोचून त्यांनी बैल सोडले, पागोटं झटकलं आणि मोठ्या दिमाखात म्हणाले, "उतर गं. येऊ दे आता त्याला, तोंड बघू त्याचं." कुणीच उतरेना म्हणून त्यांनी मागं वळून पाहिलं. आम्ही दोघी पदर नाकापर्यंत ओढून बसलेल्या, मध्ये वाकळ. आम्हाला विचारायची सोय नव्हती. ते बैलाकडं बघून म्हणाले, "हिच्यात एक बाई होती."

बैलाला माहीत नव्हतं.

तेवढ्यात दुसरी गाडी आली. शेजारी घामानं निथळत होता. वाटेतलं 'थांबा' सोडलं तर सात-आठ वर्षांनी तो मामंजींशी बोलला ते हे: "तुमचं वझं आमच्या गाडीत, मग तुमी जिंकनारच की."

आत्याबाई उतरल्या. त्यांनी सगळ्यांदेखत मिसरी थुंकली आणि तोंड मोकळं केलं. ते बोलणं मी इथं लिहीत नाही, नातवंडं वाचतात. त्यातला सवाल एकच होता: मी गाडीत न्हाई हे तुमाला कवा कळलं?

"तवाच कळलं," मामंजी म्हणाले. "उतरलीस तवाच. म्हटलं फुडं जाऊन आवळीखालची सावली धरावी. मागनं हे येतच होते की."

शेजाऱ्याची म्हातारी खाली बसून इतकी हसली की तिला पाणी पाजावं लागलं. दोन्ही घरं एकाच आवळीखाली जेवली, कारण आमचं दही माझ्या पाठीवर होतं आणि त्यांच्याकडं होतं. लिंबाच्या फांदीचा वाद मात्र मिटला नाही. जेवताना सुद्धा दोघं एकमेकांकडं पाठ करून बसले होते, आमच्यासारखे.

परतताना आत्याबाई पुन्हा आपल्या जागेवर. गालात नवी मिसरी. मग मामंजींना राहवलं नाही.

"संक्रांतीला धाकटीला धाडायचं ठरलंय न्हवं, तवा तिच्या भावाला सांगावा धाडतो."

आत्याबाईंनी मिसरी गाडीबाहेर थुंकली. "कवा ठरलं?"

"सकाळी. घाट सरल्यावर. तू हं म्हणलीस की."

जाऊबाई आभाळात बगळे मोजायला लागल्या. मी आपली पायाखालून मागं जाणारी सडक बघत होते आणि मनात म्हणत होते, गेलं माहेर. घाट सरल्यावर आत्याबाई शेजाऱ्याच्या गाडीत होत्या. हं त्यांचा नाही तर कुणाचा, हे कळायला पंडित लागत नव्हता. माझ्या पाठीला त्यांची पाठ लागली होती. ती हलायला लागली. मला वाटलं रागानं. मग कळलं, बाई हसत होती.

"घाट सरल्यावर?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"हां."

"मी हं म्हणले?"

"चांगलं ठसक्यात म्हणलीस."

"आन् मी उतरल्यालं तुमाला तवाच कळल्तं."

मामंजींनी बैलाला उगाच हाणलं.

"मी हं म्हणले आसंल तर म्हणले," आत्याबाई म्हणाल्या. "धाडा सांगावा."

घरी उतरताना त्यांनी माझा कान धरला, पण पिळला नाही. "आवाज न्हाई पडला तुजा," त्या हळूच म्हणाल्या. "पडला तो माजाच. पर पुन्यांदा माजा आवाज काढलास तर नाक ठिवायची न्हाई."

पुढं त्या दोघांची किती भांडणं झाली असतील, पण मामंजी फार चढायला लागले की आत्याबाई फक्त एवढंच म्हणायच्या, "घाट सरल्यावर." मामंजी उठून गोठ्यात जायचे. एवढं हत्यार हाताला लागल्यावर एका सुनेचं माहेर म्हणजे त्यांना स्वस्तच पडलं.

संक्रांतीला भाऊ आला. मी गाठोडं घेऊन त्याच्या गाडीत चढले आणि सवयीनं मागं तोंड करून बसले. आत्याबाई गल्लीच्या तोंडाशी उभ्या होत्या, गालात मिसरी, एक हात कमरेवर. त्या दिवसासारख्याच बारीक होत गेल्या, फक्त या वेळी धावल्या नाहीत.

वेशीबाहेर आल्यावर भाऊ म्हणाला, "आता इकडं तोंड कर की. हितं कोन हाय सासरा?"

मी वळले. सडक समोरून येत होती, झाडं आधी दिसत होती, मग जवळ येत होती. मी बोलायला लागले ती पाली येईपर्यंत थांबले नाही. भाऊ आधी उत्तरं देत होता, मग नुसता हं म्हणायला लागला, आणि शेवटी शेवटी मला संशय आला की तोही मीच म्हणत होते.