राजाच्या गालावरच्या रेघा

फ्रान्सच्या जुन्या राजांची चांदीची नाणी मी जमवतो. त्यांतलं सर्वांत मोठं नाणं मी नुकतंच घेतलं होतं, नीट न्याहाळलंही नव्हतं. लक्ष्मीपूजनाला बायकोने ते कपाटातून काढलं, पदराने पुसलं आणि तबकात ठेवलं. संध्याकाळी मला राजाच्या गालावर बारीक रेघा दिसल्या.

"रांगोळीने घासलंस ना? अडाणी कुठली!" मी तिच्या भावासमोर ओरडलो.

"अहो, नुसतं पुसलं," ती म्हणाली.

तेव्हापासून तिने माझ्या कपाटाला हात लावला नाही. पूजेचं तबकही मलाच मांडायला सांगू लागली.

यंदा गणपतीनंतर नारायण पेठेतल्या एका वयस्कर संग्राहकांनी ते नाणं भिंगाखाली धरलं. रेघा टांकसाळीतल्याच आहेत, म्हणाले. वजन जास्त भरलं, की ठसा मारण्याआधी चांदी कानशीने घासत.

घरी ती गवार मोडत बसली होती. मी सगळं सांगितलं.

"म्हणजे राजाची काही तक्रार नाही," ती म्हणाली. "बरं झालं."

"माझं चुकलं," एवढं म्हणायला मी तिथेच उभा राहिलो. मी म्हणेपर्यंत ती गवार घेऊन आत गेली.

या लक्ष्मीपूजनालाही तबक मीच मांडलं. तिने लांबूनच हात जोडले.