आजींच्या हाताची गुटी

आधी सुशीलाआजींचं नाव घेते. त्यांनी माझ्यासाठी काय केलं ते आधी, आणि मी काय केलं ते मग. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, गावाकडे आईलाही नाही.

मी दारव्ह्याकडची. सातवीत शाळा सुटली. नवऱ्याला कारखान्यात काम लागलं म्हणून पुण्यात आले. इथे माझं कुणी नव्हतं. बिबवेवाडीत आजींकडे पोळ्या करायला लागले. माझ्या तोंडून 'काहून' निघालं की आजी म्हणायच्या, "नुसतं 'का' म्हण गं. दोन अक्षरं वाचतात, तेवढ्यात एक पोळी होते." चिडवायच्या, आणि निघताना डब्यात भाजी भरून द्यायच्या. त्यांनीच मला खराडीला मुलाकडे, म्हणजे दादांकडे, लावून दिलं, नातीला सांभाळायला. नातीचं नाव इरा.

इरा आठ महिन्यांची असताना सगळे जर्मनीला निघाले, आजींच्या मुलीकडे. लेकीचं घर आजींनी कधी पाहिलं नव्हतं. चार ठिकाणं बघायची, बाळ आत्याला दाखवायचं. मलाही न्यायचं हे आजींनीच ठरवलं. पासपोर्टसाठी वर्तमानपत्राच्या कडेला माझ्याकडून सही गिरवून घेतली. गुडघे धरून माझ्याबरोबर रांगेत उभ्या राहिल्या. सख्ख्या आईने तरी याहून काय केलं असतं?

निघायच्या आधी आठ दिवस त्या खराडीलाच राहायला आल्या. सकाळी इराला गुटी त्याच द्यायच्या. सहाणेवर बदाम, खारीक, हळकुंड, आणि शेवटी जायफळाचे दोन वळसे — म्हणजे दोनदाच फिरवायचं. "तिसऱ्याने पोर झोपत नाही, गुंगतं," असं मला बजावायच्या. इराच्या आईला, म्हणजे ताईंना, हे सगळं आवडायचं नाही. सासूच्या शब्दाखातर गप्प बसायच्या.

म्हणजे मला माहीत होतं. हे आधीच लिहून ठेवते — माहीत होतं.

ताई म्हणाल्या होत्या, "विमानात रडली तर तू बघ हं, म्हणून तर तुला नेतोय." सहज म्हणाल्या. पण माझ्या डोक्यात तेच बसलं. एवढ्या लोकांत पोर रडायला लागलं तर? मला नाही जमलं तर? परत आल्यावर कामावर ठेवतील?

निघायच्या सकाळी आजी गुटी देऊन आंघोळीला गेल्या. सहाण अजून ओली होती. मी जायफळ उचललं. किती फिरवलं ते मोजलं नाही, असं मी स्वतःला सांगत आले. मोजलं होतं. दहा. औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरलं, आणि विमानतळावर दुधातून इराला पाजलं.

भीतीपोटी केलं म्हणू? अर्धंच खरं. मला खिडकीची जागा मिळाली होती. जन्मात पहिल्यांदा ढग वरून दिसणार होते, आणि ते मला निवांत बघायचे होते — रडतं पोर झुलवत नाही. बघितले. पोटभर बघितले. इरा ताईंच्या मांडीवर निपचित होती आणि ताई म्हणत होत्या, किती शहाण्यासारखी झोपलीय.

उतरलो तरी ती उठेना. मान टाकलेली, डोळे अर्धवट, ओठ कोरडे. तिथूनच दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, पोटात काय काय गेलंय? ताई वळल्या — माझ्याकडे नाही, आजींकडे. "आई, जायफळ होतं ना त्यात?"

आजींनी आपलेच हात पुढे धरून पाहिले. "दोनच वळसे गं. की जास्त झाले? मला... नाही गं आठवत नीट."

एक वाक्य बोलायला किती वेळ लागतो? आजींसाठी नाही तर नाही, त्या लेकरासाठी तरी? डॉक्टरांना किती दिलं ते हवं होतं, आणि ते तिथे मला एकटीला ठाऊक होतं. मी बॅगेचा पट्टा धरून उभी राहिले.

इरा दुसऱ्या दिवशी हसली. वाचली. माझ्यामुळे नाही.

मग ठरल्याप्रमाणे सगळं बघितलं — डोंगरावरचा किल्ला, नदीतली बोट. बोटीत ताईंनी इराला माझ्या कडेवर देऊन फोटो काढला. "तू होतीस म्हणून निभावलं," म्हणाल्या. मी हसले, फोटोत दिसतं. आजी आल्या नाहीत. गुडघे दुखतात म्हणाल्या, आणि लेकीच्या घरी खिडकीपाशी बसून राहिल्या.

आता इरा चार वर्षांची होईल. मी अजून तिथेच कामाला आहे, पगारही वाढलाय. आजी रविवारी येतात. आल्या की भिंतीकडची खुर्ची धरतात, इराला घेत नाहीत. परवा ती हात पसरून धावत गेली, तर आजींनी दोन्ही हात पदराखाली घेतले. "नको गं बाळा, पडशील. माझ्या हातांचा भरवसा नाही आता." मी चहाचा कप आजींच्या हातात दिला, तो त्यांनी जराही हिंदकळू न देता घेतला. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू आहेस म्हणून पोरीची काळजी नाही मला."

माझ्या आईपेक्षा ही बाई मला जवळची. तिच्याच हातांवरून तिचा विश्वास मी उडवला, आणि रोज तिच्या नातीला न्हाऊ-माखू घालते.

आजी, वळसे दोनच होते तुमचे. हे मी एक दिवस ताईंसमोर, दादांसमोर, तुमच्यासमोर तोंडाने सांगेन, आणि इराला तुमच्या मांडीवर देऊन त्या घरातून निघेन.