पियानोच्या चाकाखाली लिंबू

माझ्या पुतणीच्या आजवरच्या कारकिर्दीत पियानो मंचावरून फक्त एकदाच खाली आला आहे, आणि तो मी आणला.

पुतणी म्हणजे गौरी. युरोपातल्या मोठमोठ्या सभागृहांत ती पियानो वाजवते आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवतात. पण तिचे वडील, म्हणजे माझे थोरले भाऊ अण्णा, यांनी तिला समोर बसून कधीच ऐकलं नव्हतं. हृदयाच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी त्यांचं विमान बंद केलेलं. म्हणून यंदा गौरीच आमच्या बसवकल्याणला आली, फक्त एका दिवसासाठी! मंगल कार्यालय ठरलं, हैदराबादहून टेम्पोत पियानो आला. कार्यक्रम अकराला, पण अण्णा इस्त्रीचं धोतर नेसून आठपासूनच पहिल्या खुर्चीत!

माझ्या हाताला काम नसलं की मला चैन पडत नाही. (बायको म्हणते, मी झोपेतही पाय हलवतो.) पियानोबरोबर आलेला, सूर जुळवणारा उस्ताद चहाला जाताना बजावून गेला, "इसको हात नक्को लगाओ!" मी दोन मिनिटं हात मागे बांधून उभा राहिलो. मग मला पियानोची चाकं दिसली.

माझं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान. आमच्याकडे नवी गाडी दारात आली की चाकाखाली लिंबू ठेवून ती पुढे घेतात. त्याशिवाय कुणी चालवतच नाही. आणि आमची जगप्रसिद्ध पोरगी बिनपूजेच्या यंत्रावर बसणार? मी तीन लिंबं आणली. (नारळ पियानोवर फोडला नाही, तेवढी अक्कल मला आहे.) चाकांचे खटके सोडले आणि मागून हलकेच रेटा दिला.

लिंबं फुटली. पियानो थांबेना! मंचाला उतार होता, हे मला तेव्हा कळलं. मंच वीतभरच उंच, पण धाडकन खाली उतरताना पियानोच्या तीन पायांपैकी एक मोडला.

"कामून हात लावलास रे त्याला?" अण्णा ओरडले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गौरी धावत आली. "काका, काय करायलाव?"

"पूजा!"

तिने मोडका पाय पाहिला, मग वडिलांकडे पाहिलं. "दुकानात जॅक हाय का?"

दहा जणांनी पियानो उचलला, खाली जॅक लावला. पण जॅक गळका निघाला, हळूहळू खाली बसायला लागला. (मी गॅरंटी देऊन विकतो तोच!) त्याला पंप मारायला मी पियानोखाली. आणि पंप मारला की 'कुईं'!

"वाजवताना मोठा आवाज आला की मी पायानं ढोसते, तवाच मारा," गौरी म्हणाली. "तवर हालायचं न्हाई."

मी, आणि हलायचं नाही! वर हळुवार सूर चालू, इकडे पियानो बोटभर खचला, माझ्या पायाला मुंग्या आल्या, गौरीचा पाय काही येईना! एकदाचा वर गडगडाट झाला, ढोसणी बसली आणि मी घाईघाईने पंप मारले. असं पाऊण तास.

टाळ्या संपल्यावर अण्णांचा आवाज आला. ते रडत होते. "ऐकलो बाई. पोटभर ऐकलो." खाली मीही रडलो.

"काका, या आता बाहेर."

"कसा येऊ? सोडलो तर पडतंय!"

"बसू दे त्याला तिथंच," अण्णा म्हणाले. "आपण जेवून येऊ."

त्या दिवसाचा फोटो अण्णांनी मोठा करून बैठकीत लावलाय. "ही माझी गौरी," असं येईल त्याला अभिमानाने दाखवतात. पाहुणे वाहवा करतात, जवळ जातात, आणि हळूच विचारतात, "अण्णा, पियानोच्या तिसऱ्या पायात चप्पल कशी काय?"