पायाने चालवायचं मशीन

सिल्वासात दिव्यांगांच्या सक्षमीकरणाचा कार्यक्रम होता. आम्हा शिक्षिकांना खुर्च्या भरायला बोलावलं होतं. शेजारी चाकाच्या खुर्चीत किलवणीची एक बाई होती. दोन्ही पाय लहानपणीच गेलेले. हातमशीनवर ब्लाउज शिवायची. "एक हात मशीनचं चाक फिरवण्यातच जातो," ती म्हणाली, "म्हणून लग्नसराईची कामं परत पाठवते."

निवेदकाने तिला "आपली जिद्दी भगिनी" म्हणून पुकारलं. नाव घ्यायची त्याला गरज वाटली नाही, त्यामुळे मलाही ते कळलं नाही. स्टेजला फक्त पायऱ्या होत्या. चौघांनी तिला खुर्चीसकट उचललं. "सीधं धरा, भाऊ, मी काय कापसाचं पोतं आहे?" ती वरून सूचना देत होती.

पाहुण्यांनी तिला शिलाई मशीन दिलं. पायाने चालवायचं. जोरात टाळ्या पडल्या, त्यात माझ्याही होत्या.

तिने वाकून पायडल हाताने हलवून पाहिलं.

"ताई, तुमच्या जिद्दीबद्दल दोन शब्द," निवेदकाने माइक दिला.

"जिद्द बहुत आहे, साहेब. मोटर नाही."

हशा पिकला. पाहुणे म्हणाले, "आधी फोटो काढू, मोटरचं नंतर बघू."

"मग फोटोचंपण नंतरच बघू," ती माइकमध्येच म्हणाली.

सगळं सभागृह ऐकत होतं. पाहुण्यांनी आयोजकांकडे पाहिलं आणि आयोजक बाजाराकडे पळाले. पुढची दोन भाषणं होईपर्यंत मोटर येऊन मशीनला बसलीसुद्धा.

"ताई, आता तरी हसा," फोटोवाला म्हणाला.

"आधी प्लग लावून बघू दे."